गठ्ठा कुठून, भाडं कुणाचं, फळ कुठल्या पेटीत? सोलापूरच्या धंद्यासाठी ऑप्टिमायझेशन आणि गेम थिअरी

सोलापुरात चादर किंवा टॉवेल काढणाऱ्या कारखानदाराला मागावरचा खर्च पैशापर्यंत पाठ असतो. सूत, सायझिंग, वीज, मजुरी, शिलाई, सगळं तोंडावर. तोच माल गोदामाच्या दाराबाहेर पडला की मात्र हिशेब सैल होतो. गाडीवाला सांगेल ते भाडं, नेहमीचा रस्ता, नेहमीची वाटणी. डाळिंबाच्या बागायतदाराचंही तसंच. खत-औषधाचा खर्च वहीत असतो, पण प्रतवारीत चांगलं फळ हलक्या क्रेटमध्ये गेल्यानं किती गेलं, हे कुणी मांडत नाही.

हे मांडण्याचं गणित जुनं आणि पक्कं आहे, आणि शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या फार पुढे जात नाही. ते इथे आकड्यांसकट, पायरीपायरीनं करून दाखवतो. त्याचबरोबर एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. सगळ्यात स्वस्त योजना काढणं हे अर्धंच काम. ती योजना चार-पाच जणांनी मिळून पाळायची असते, आणि त्यातल्या एकालाही बाहेर पडणं फायद्याचं दिसलं की ती मोडते. योजना काढणं हे ऑप्टिमायझेशनचं काम आणि ती टिकवणं हे गेम थिअरीचं, म्हणजे प्रत्येक जण आपापला फायदा पाहून चाल करतो तेव्हा काय होतं, याच्या गणिताचं. अनेक ठिकाणी पहिलं केलं जातं आणि दुसरं राहून जातं.

खाली दिलेले सगळे दर उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमचे दर तिथे घाला, पद्धत तीच राहील.

आधी कागदावर तीन गोष्टी लिहा

एक, तुमच्या हातात काय बदलणं आहे: कुठल्या गोदामातून कुठल्या गावाला किती गठ्ठे. दोन, कशाच्या पलीकडे जाता येत नाही: गोदामातला साठा, गाडीची क्षमता, दुकान उघडायची वेळ. तीन, काय कमी करायचं आहे, आणि तेही रुपयांत. “सेवा चांगली हवी” हे उद्दिष्ट नाही. “उशीर झाला तर गठ्ठ्यामागे १५ रुपये सूट द्यावी लागते” हे उद्दिष्टात बसतं.

दर लिहिताना नुसतं भाडं लिहू नका. हमाली, वाराई (माल चढ-उतारीसाठी गाडीवाल्याकडून घेतली जाणारी रक्कम), टोल, हाल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) आणि रिकामी परतफेरी हे सगळं एका गठ्ठ्यामागे किती पडतं ते काढा. या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि इथेच कंटाळा केला जातो. पुढचं सगळं याच आकड्यांवर उभं राहणार आहे.

कुठल्या गोदामातून कुठे

समजा, तुमची दोन गोदामं आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ६० गठ्ठे आहेत आणि चिंचोळी एमआयडीसीत ५०. मागणी अशी: अक्कलकोटला ३०, पंढरपूरला ४५, बार्शीला ३५. एका गठ्ठ्याचा पोहोच खर्च रुपयांत असा:

| | अक्कलकोट | पंढरपूर | बार्शी |
|---|---|---|---|
| अक्कलकोट रोड | ४० | ९५ | ७० |
| चिंचोळी | ६५ | ६५ | ६० |

बहुतेक जण सगळ्यात स्वस्त घर आधी भरतात. अक्कलकोटचे ३० गठ्ठे अक्कलकोट रोडवरून ४० रुपयांनी. मग बार्शीचे ३५ चिंचोळीतून ६० रुपयांनी. चिंचोळीत उरले १५, ते पंढरपूरला ६५ रुपयांनी. पंढरपूरचे राहिलेले ३० अक्कलकोट रोडवरून ९५ रुपयांनी. बेरीज: १,२०० + २,१०० + ९७५ + २,८५० = ७,१२५ रुपये.

आता दर बाजूला ठेवून दोन गोदामांच्या दरांतला फरक पाहा. बार्शीचा माल चिंचोळीऐवजी अक्कलकोट रोडवरून पाठवला तर गठ्ठ्यामागे १० रुपये जास्त जातात. पंढरपूरचा पाठवला तर ३० जास्त. म्हणजे चिंचोळीतला साठा आधी पंढरपूरला द्यायला हवा. चिंचोळीतून पंढरपूर ४५ आणि बार्शी ५. अक्कलकोट रोडवरून बार्शी ३० आणि अक्कलकोट ३०. बेरीज: २,९२५ + ३०० + २,१०० + १,२०० = ६,५२५. गाड्या त्याच, माल तोच, आणि ६०० रुपये वाचले.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शिकवतात ती व्होगेल पद्धत याच फरकांवर चालते. दोन गोदामं असतील तर फरक लावूनच अचूक उत्तर मिळतं. तीन-चार गोदामं आणि दहा-बारा गावं असतील तर संगणकाकडे जा. एक्सेलमध्ये सॉल्व्हर नावाची सोय असते. ती ॲड-इन्समधून एकदा सुरू करावी लागते, मग डेटा टॅबमध्ये दिसते. दरांचा तक्ता एकीकडे मांडा, त्याच मापाचा रिकामा तक्ता गठ्ठ्यांसाठी ठेवा, आणि दोन्हींच्या गुणाकाराची बेरीज एका घरात घ्या. सॉल्व्हरला सांगा: हे घर कमीत कमी कर, रिकामा तक्ता बदल, ओळींची बेरीज साठ्यापेक्षा जास्त नको, स्तंभांची बेरीज मागणीइतकी हवी, उणे आकडे नकोत. पद्धत ‘सिम्प्लेक्स एलपी’ निवडा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही सॉल्व्हर आहे आणि तो फुकट आहे.

सोव्हिएत रशियात लिओनिद कँटोरोविच यांनी १९३९ मध्ये अशा नियोजनाचं गणित मांडलं. वाहतुकीचा हा विशिष्ट प्रश्न फ्रँक हिचकॉक यांनी १९४१ मध्ये लिहिला आणि जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत दिली. सॉल्व्हर आजही तीच चालवतो.

या तक्त्यातून आणखी एक आकडा मिळतो आणि मला तो उत्तराइतकाच मोलाचा वाटतो. चिंचोळीत एक गठ्ठा जास्त असता तर काय झालं असतं? बार्शीचा एक गठ्ठा अक्कलकोट रोडऐवजी तिथून गेला असता आणि १० रुपये वाचले असते. म्हणजे चिंचोळीतल्या जादा जागेची किंमत तुमच्यासाठी या फेरीला गठ्ठ्यामागे १० रुपये आहे, तीही पहिल्या ३० गठ्ठ्यांपुरती. शेजारचं गोदाम भाड्यानं घ्यायचं की नाही, याचं उत्तर या आकड्यात आहे. सॉल्व्हरच्या अहवालात तो ‘शॅडो प्राइस’ म्हणून छापून येतो.

आता आषाढी घ्या. वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या फेरीचा खर्च वाढतो. दोन्ही गोदामांतून सारखाच २० रुपयांनी वाढला तर फरक ३० चा ३०च राहतो. योजना बदलायची नाही, फक्त बिल ९०० रुपयांनी वाढेल. पण मोहोळकडून जाणारा रस्ता तुंबला म्हणून चिंचोळीचा दर ९० झाला आणि मंगळवेढ्यावरून जाणारी अक्कलकोट रोडची गाडी ९५ लाच राहिली, तर फरक ५ वर येतो, म्हणजे बार्शीच्या १० पेक्षा कमी. मग योजना उलटते. बार्शीचे ३५ चिंचोळीतून आणि पंढरपूरचे ३० अक्कलकोट रोडवरून. खर्च ७,५०० येतो. जुनीच योजना रेटली असती तर ७,६५० झाला असता. कुठला दर वाढला यापेक्षा कुठला फरक हलला, हे पाहायची सवय लावून घ्या.

शहरातली फेरी

इथे थोडक्यात सांगतो. पाच दुकानं असतील तर फिरण्याचे क्रम १२०. दहा असतील तर ३६ लाखांवर. पंधरा असतील तर सुमारे १ लाख ३० हजार कोटी. सगळे तपासणं शक्य नाही, आणि गरजही नाही. क्लार्क आणि राइट यांनी १९६४ मध्ये दिलेली बचत पद्धत कागदावर करता येते. दोन दुकानांना स्वतंत्र फेऱ्या न मारता एकाच फेरीत घेतलं तर किती किलोमीटर वाचतात ते काढायचं: गोदाम ते पहिलं, अधिक गोदाम ते दुसरं, वजा त्या दोघांमधलं अंतर. नवी पेठ गोदामापासून ६ किलोमीटर, चाटी गल्लीही ६, आणि दोघांत १ असेल तर बचत ११. अशोक चौक ३, जुळे सोलापूर ८, दोघांत ७ असेल तर बचत ४. मोठ्या बचतीच्या जोड्या आधी जोडत जा आणि गाडी भरली की थांबा. छोट्या हत्तीत साधारण पाऊण टन बसतं, ही मर्यादा डोळ्यासमोर ठेवा. मग नकाशावर मार्ग काढा. तो स्वतःलाच कुठे छेदत असेल तर छेदणाऱ्या दोन टप्प्यांच्या मधल्या दुकानांचा क्रम उलटवून पाहा, बहुतेक वेळा अंतर घटतं.

सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत संक्रांतीच्या आसपास, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावरची दुकानं वेगळ्या फेरीत किंवा भल्या सकाळी घ्यावी लागतात. दुकानांच्या वेळा आणि असे दिवस धरून रोज तीस-चाळीस ठिकाणं करायची असतील तर गुगल ओआर-टूल्स हे मोफत साधन वापरा. पायथन जाणणारा कुठलाही अभियांत्रिकीचा विद्यार्थी ते लावून देऊ शकेल.

एक ट्रक, तीन मालक: भाडं कसं वाटायचं

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. तिघांनी मिळून ट्रक करणं स्वस्त पडतं, हे सगळ्यांना कळतं. तरी तिघं एकत्र राहत नाहीत, कारण वाटणी चुकते.

पुणे रस्त्यावर एकाचा माल मोहोळला जायचा आहे, दुसऱ्याचा टेंभुर्णीला, तिसऱ्याचा इंदापूरला. स्वतंत्र गाडी केली तर पहिल्याला २,१०० रुपये, दुसऱ्याला ५,१००, तिसऱ्याला ६,६००. तिघांचा माल एका ट्रकमध्ये मावतो आणि इंदापूरपर्यंतचे ६,६०० च लागतात. म्हणजे १३,८०० च्या जागी ६,६००.

“तीन भाग करा” म्हटलं की प्रत्येकी २,२०० येतात. मोहोळवाला एकट्यानं २,१०० मध्ये जाऊ शकतो, मग तो शंभर रुपये जास्त कशाला देईल? तो बाहेर पडतो, आणि उरलेल्या दोघांवर ३,३०० ची पाळी येते. समसमान वाटणी न्यायाची दिसते, पण एक महिनाही टिकत नाही.

म्हणून पहिली कसोटी ही. कुणाही एकाला, आणि कुणाही दोघांना मिळून, वेगळं होणं स्वस्त पडता कामा नये. अशा सगळ्या वाटण्यांच्या संचाला गेम थिअरीत ‘कोअर’ म्हणतात. स्वतंत्र भाड्याच्या प्रमाणात वाटलं तर साधारण १,००४, २,४३९ आणि ३,१५७ येतात. ही वाटणी कसोटीला उतरते. पण मोहोळवाला विचारेल, “माझा माल मोहोळला उतरतो, मग पुढच्या डिझेलचा हिस्सा माझ्या डोक्यावर का?” त्याचं म्हणणं बरोबर आहे.

लॉइड शेप्ली यांनी १९५३ मध्ये याचं उत्तर दिलं. तिघं एकेक करून ट्रकमध्ये सामील होतात असं समजा. प्रत्येक जण आला की खर्च किती वाढला ते लिहा, सगळ्या सहा क्रमांसाठी, आणि सरासरी काढा. रस्ता सरळ एकच असेल तर सहा क्रम लिहायचीही गरज नाही. १९७३ मध्ये लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी विमानतळाच्या धावपट्टीच्या खर्चासाठी दाखवलं की रस्त्याचा प्रत्येक तुकडा तो वापरणाऱ्यांतच सारखा वाटला की तीच वाटणी येते. सोलापूर ते मोहोळ २,१००, तिघांत: प्रत्येकी ७००. मोहोळ ते टेंभुर्णी ३,०००, दोघांत: प्रत्येकी १,५००. टेंभुर्णी ते इंदापूर १,५००, एकट्या तिसऱ्याचे.

मोहोळ ७००, टेंभुर्णी २,२००, इंदापूर ३,७००. बेरीज ६,६००. प्रत्येक जण स्वतंत्र गाडीपेक्षा खूप कमी देतो, आणि का देतो हे टपरीवर चहा पिता पिता समजावता येतं. वाटणी टिकण्यासाठी ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच लागते.

दोन अटी मात्र पाळा. माल उतरवायला उशीर झाल्याचं हाल्टिंग ज्याच्यामुळे झालं त्यानंच द्यायचं, ते सामायिक खर्चात टाकायचं नाही. नाहीतर वेळेवर हमाल उभे करायची गरजच कुणाला वाटणार नाही. आणि वजन प्रत्येकाच्या तोंडी आकड्यावर न धरता वजनकाट्याच्या पावतीवर धरायचं. एकाचा माल दुसऱ्याच्या तिप्पट असेल तर तुकड्याचा खर्च डोक्यामागे न वाटता जागेच्या प्रमाणात वाटा, आणि कुणी वेगळं होणं स्वस्त पडत नाही ना, ही कसोटी पुन्हा लावा.

भाड्याचा दर काढून घेताना

मुंबईच्या फेरीसाठी तीन ट्रान्सपोर्टवाल्यांचे दर मागवले: १९,५००, २१,००० आणि २२,०००. नेहमीच्या पद्धतीत सगळ्यात कमीवाल्याला त्याचाच दर मिळतो, म्हणून प्रत्येक जण इतरांचा अंदाज घेऊन आपला दर वाढवून सांगतो. विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये दुसरी पद्धत तपासली. काम १९,५०० वाल्याला, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या दराने, म्हणजे २१,०००. अशा वेळी स्वतःचा खरा दर सांगणं हेच प्रत्येकाच्या फायद्याचं ठरतं. वाढवून सांगितलं तर मिळणारे पैसे वाढत नाहीत, फक्त काम हातचं जायची भीती वाढते.

“मग दीड हजार जास्त का देऊ?” हा प्रश्न रास्त आहे. ठराविक अटींत दोन्ही पद्धतींत सरासरी खर्च सारखाच येतो, हे विक्री यांनीच दाखवलं. तुमचा फायदा असा की कुणाची गाडी खरोखर कितीला परवडते ते कळतं, आणि परतीचा माल असलेला गाडीवाला आपोआप पुढे येतो. पाकिटं सगळ्यांसमोर उघडा, नाहीतर दुसरा दर तुम्हीच घुसवला अशी शंका येईल. आणि दर देणारे दोघंच असतील, त्यातही एकमेकांचे नातलग असतील, तर ही पद्धत वापरू नका. ते आधीच ठरवून येतील.

डाळिंबाची प्रतवारी

सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. जिल्ह्यात फळ आहे, ज्ञान आहे. प्रतवारी मात्र अजून बहुतेक नजरेवर चालते. कॅमेरा आणि काटा लावून यंत्राकडून वर्गीकरण करून घेणं आता अवघड राहिलेलं नाही. पण ते “किती टक्के बरोबर” या मापानं तोलणं घातक आहे.

२०० फळं घ्या, त्यांत तेल्या रोगाची किंवा आतून खराब अशी २०. खराब फळ निर्यातीच्या पेटीत गेलं तर शेजारची फळं आणि तक्रार धरून ९० रुपये जातात. चांगलं फळ चुकून स्थानिक बाजारात गेलं तर १० रुपये. पहिलं यंत्र सगळ्यांना चांगलं म्हणतं: ९० टक्के बरोबर, आणि नुकसान २० × ९० = १,८०० रुपये. दुसरं यंत्र २० पैकी १८ खराब पकडतं, पण ३० चांगली फळंही बाजूला काढतं: ८४ टक्केच बरोबर, आणि नुकसान १८० + ३०० = ४८० रुपये. कमी टक्क्यांचं यंत्र १,३२० रुपयांनी चांगलं आहे.

यावरून रेषा कुठे ओढायची तेही ठरतं. फळ खराब असण्याची शक्यता किती झाली की बाजूला काढायचं? लहान नुकसान भागिले दोन्ही नुकसानांची बेरीज: १० भागिले १००, म्हणजे १० टक्के. पन्नास टक्क्यांची वाट पाहायची नाही. बाजारभाव बदलला की हा आकडा बदलतो, यंत्र पुन्हा शिकवावं लागत नाही.

यंत्र शिकवताना वजन, व्यास, रंग, डागाचं क्षेत्रफळ अशी मोजमापं आणि जाणत्या माणसानं दिलेली प्रत, दोन्ही नोंदवा. एकाच फळाची प्रत दोन जाणत्यांकडून, एकमेकांना न विचारता, लावून घ्या. त्यांचंच १०० पैकी १५ फळांवर एकमत नसेल तर आधी प्रतीची व्याख्या नीट करा. सुरुवात लॉजिस्टिक रिग्रेशन या साध्या संख्याशास्त्रीय पद्धतीनं करा, कारण ते शक्यता सांगतं आणि आपल्याला शक्यताच हवी आहे. कोर्टेस आणि वापनिक यांची १९९५ मधली सपोर्ट व्हेक्टर पद्धत दोन गटांमधली सगळ्यात रुंद मोकळी पट्टी शोधते. ती सुंदर आहे, पण ती शक्यता न देता फळ दोन गटांमधल्या रेषेपासून किती दूर आहे ते अंतर देते. दोन्ही पद्धती पायथनच्या सायकिट-लर्न या मोफत संग्रहात तयार मिळतात. तपासणीसाठी वेगळी ठेवायची फळं वेगळ्या बागेतली हवीत. शिकवायला आणि तपासायला एकाच बागेचं फळ वापरलं तर यंत्र ती बाग पाठ करतं, आणि सांगोल्याच्या फळावर हुशार ठरलेलं यंत्र पंढरपूर तालुक्यातल्या बागेत गोंधळतं.

नियम कळला की माणूस बदलतो

क्रेटच्या वरच्या थरात टपोरी फळं, खाली बारीक, हे कुणाला नवीन नाही. तुम्ही वरचा थर पाहता हे समोरच्याला माहीत आहे, म्हणून तो तसं भरतो. इथे वर्गीकरण हा खेळ होतो आणि समोरचाही विचार करून चाल करतो.

समजा, खाली बारीक माल लपवला तर एका लॉटमागे त्याला २०० रुपये सुटतात. पकडलं गेलं तर अख्खा लॉट खालच्या प्रतीत जातो आणि १,४०० रुपयांचं नुकसान होतं. तळापर्यंत तपासायची शक्यता ८ पैकी १ असेल तर लपवणं आणि न लपवणं सारखंच. त्याहून जास्त असेल तर लपवणं तोट्याचं. म्हणजे प्रत्येक लॉट उलटायची गरज नाही. दर लॉटला फासा टाका आणि एक पडला तर तळापर्यंत पाहा. ६ पैकी १ हे ८ पैकी १ पेक्षा जास्त आहे, धाक पुरतो. फासाच हवा. “दर सहावा लॉट” असं ठरवलं की चौथ्याच दिवशी सगळ्यांना सहावा कुठला ते कळतं. फासा बागायतदारालाच टाकू द्या, म्हणजे मुद्दाम त्यालाच धरलं असं वाटणार नाही.

एक बारकावा आहे. तळ पाहूनही लपवलेला माल ४ पैकी ३ वेळाच सापडत असेल, तर पकडलं जाण्याची शक्यता ६ पैकी १ ची ८ पैकी १ वर येते, म्हणजे नेमकी सारखं-सारखंच्या रेषेवर. मग फाशावर एक किंवा दोन, दोन्ही आकड्यांना तपासा. यंत्राची अचूकता आणि तपासणीचं प्रमाण एकत्रच ठरवायचं असतं ते यामुळे.

मोरिट्झ हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशा वर्गीकरणाचं गणित मांडलं. व्यवहारात निकष निवडताना एकच प्रश्न विचारा: हा निकष गाठायला बागायतदार जे करेल, त्यानं फळ सुधारेल का? नुसत्या चकाकीवर भाव दिला तर फळं पुसून येतील. वजन, डाग आणि फळ कापून केलेल्या चाचणीवर दिला तर विरळणी आणि फवारणी वेळेवर होईल.

सुरुवात कुठून

सगळं एकदम करू नका. आधी दोन गोदामांचा तक्ता घ्या, कारण त्यात दुसऱ्या कुणाची संमती लागत नाही. तो रुळला की एकाच रस्त्यावर सामायिक ट्रक. प्रतवारी नव्या हंगामाच्या तोंडाशी. प्रत्येक फेरीला वहीत पाच रकाने ठेवा: ठरवलेला खर्च, झालेला खर्च, फरकाचं कारण, कुणी किती दिले, कुणी तक्रार केली. पहिल्या तिघांवरून दर सुधारा आणि शेवटच्या दोघांवरून वाटणी. डिझेल महागलं तर आधी दरांतले फरक पुन्हा काढा. ते हलले असतील तरच सॉल्व्हर पुन्हा चालवा.